डॉकने सांगितलेलं नाव

१

खिडकीजवळच्या टेबलावर, लॅपटॉप जोडायच्या काळ्या पेटीच्या, म्हणजे डॉकच्या, उजव्या बाजूला, बोटभर रुंदीची एक फिकट पट्टी होती. टेबल मूळचे पांढरे. रोज दुपारचे ऊन खाऊन ते हळूहळू पिवळे पडले होते, जुन्या पुस्तकाच्या पानासारखे. एखादी वस्तू वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवलेली असली की तिच्याखाली ऊन पोचत नाही आणि तेवढा पांढरेपणा शिल्लक राहतो. पट्टीच्या कडा सरळ होत्या, आणि ती फक्त एकाच बाजूला होती.

ताईंनी ती पाहिली आणि मनात ठेवून दिली. त्या वेळी खोलीत कोणालाही टेबलाच्या रंगाशी कर्तव्य नव्हते. सगळे चिमणीकडे बघत होते.

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत चिमणी हे नाव तिला अंगकाठीवरून पडले होते. आवाजावरून ठेवले असते तर दुसरेच काही ठेवावे लागले असते. एका शाळेच्या नव्या इमारतीतल्या पिण्याच्या नळाचे पाणी तिने तपासले होते. त्यात शिसे निघाले होते, लिटरमागे अडतीस मायक्रोग्रॅम. मर्यादा दहाची. तिने आकडा संगणकात भरला, आणि आज सकाळी अहवाल छापायला घेतला तेव्हा तिथे अडतीस नव्हते. तीन पूर्णांक आठ होते. कोणीतरी मध्ये एक टिंब देऊन शाळेचे पाणी स्वच्छ केले होते.

दुसरी एखादी असती तर गुपचूप साहेबांकडे गेली असती. चिमणी खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली की माझा आकडा कोणी बदलला ते मला आत्ता इथे कळले पाहिजे.

विभागाचा पासवर्ड सगळ्यांना एकच, तोही फळ्यावर लिहिलेला. त्यामुळे माणूस कोण हे पासवर्डवरून कळण्यासारखे नव्हते. पण बदल कोणत्या यंत्रावरून झाला याची नोंद संगणकात राहत होती. प्रयोगशाळेचे मालक दादा, ताईंचे थोरले भाऊ. त्यांनी नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला ती नोंद काढायला लावली. गळ्यात कायम एखादी वायर अडकवून फिरत असल्यामुळे त्याला सगळे केबल म्हणत. केबलने नोंद पाहिली, पुन्हा पाहिली, आणि खाली बघत नाव वाचले.

नाव चिमणीचे होते.

२

दादांच्या केबिनमध्ये ताईंना बसायला सांगितले गेले. दादा मऊ फडक्याने आपला लॅपटॉप पुसत होते. सोनेरी, पातळ, बोटांचे ठसे लगेच उमटणारा. लेकीच्या सासरहून भेट आला होता. कंपनीचे लॅपटॉप म्हणजे निव्वळ विटा, असे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्यांचे म्हणणे सरळ होते. यंत्राने मूळ आकडा तीन पूर्णांक आठच दिला होता. पाण्यात शिसे फार असल्याची शंका आली की नमुना दहापट पातळ करून यंत्रात घालतात आणि आलेल्या आकड्याला हाताने दहाने गुणतात. चिमणीने पातळ न करताच गुणले असणार. मग चूक लक्षात आल्यावर तिने स्वतःच आकडा दुरुस्त केला, आणि आता अंगाशी येऊ नये म्हणून हा तमाशा. उरलेले पाणी ओतून टाकले गेले होते, तेव्हा ताडून बघायचा मार्ग नव्हता.

ताईंनी विचारले की शाळेतून पुन्हा नमुना का मागवू नये.

"छकुली, कशाला गं शेपूट वाढवतेस?" दादा म्हणाले. "संध्याकाळी अहवाल जातो आहे. मी सही करतो. ती पोरगी राजीनामा देते. विषय संपला."

ताईंचे केस पांढरे झाले होते. त्या दर्जा-अधिकारी होत्या, रसायनशास्त्रातली त्यांची पदवी दादांच्या पदवीपेक्षा वरची होती, आणि तरी या केबिनमध्ये त्या छकुली होत्या. वडिलांनी प्रयोगशाळा सोपवताना सहीचा अधिकार दोघांना दिला होता. ताईंनी तो कधी वापरला नाही. घरात दोन सह्या झाल्या तर घर दोन झाल्यासारखे दिसेल, असे आई म्हणायची. आई गेल्यावर वहिनी म्हणू लागल्या. मान्यतेसाठी तपासणीला येणारे लोक दरवेळी विचारायचे की तुम्ही सही का करत नाही. ताई म्हणायच्या, बघू. काम त्यांचे, सही दादांची, आणि त्या 'बघू'ला आता किती वर्षे झाली हे त्या मोजत नसत.

"बघू," त्या आताही म्हणाल्या, आणि उठल्या.

बाहेर चिमणी खिडकीजवळच्या आपल्या टेबलाचा खण रिकामा करत होती. रडत नव्हती. वस्तू पिशवीत अशा टाकत होती की प्रत्येक वस्तूचा आवाज केबिनपर्यंत जावा.

"ताई, राजीनामा मी देणार नाही," ती म्हणाली. "काढायचं तर काढू देत. मी पातळ केलं होतं आणि गुणलं होतं. ती मुलं ते पाणी पितायत आणि इथे माझी वर्तणूक तपासताय?"

ताईंनी फक्त एवढेच विचारले की या डॉकचा तुला काही त्रास आहे का.

चिमणी थबकली. हल्ली पडदा मध्येच काळा होतो, ती म्हणाली. वायर दाबून धरली की परत येतो. पूर्वी होत नव्हतं. पण त्याचा इथे काय संबंध, तेही तिने विचारले. ताईंना अजून ते सांगता येत नव्हते.

३

मास्तर म्हणजे प्रयोगशाळेतले सर्वांत जुने रसायनतज्ज्ञ, वडिलांच्या वेळचे. शिशाची तपासणी वर्षानुवर्षे त्यांच्याकडे होती. दादांनी ती काढून चिमणीला दिली तेव्हापासून मास्तर तिच्याशी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांमधून बोलत. राग कोणाला असेल तर त्यांनाच, हे उघड होते. म्हणून ताई आधी त्यांच्याकडे गेल्या.

"ये," मास्तर म्हणाले. "मीच केलं का, हे विचारायला आलीस ना? बस. उभ्याने आरोप करू नये, पाय दुखतात."

ताई बसल्या. मास्तरांचा लॅपटॉप जाडजूड, कोपरे झिजलेला. बदलून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. नेटवर्कची तार सरळ त्याच्या कुशीत घुसलेली होती. नव्या पातळ लॅपटॉपना ते भोक राहिलेच नव्हते. म्हणून बाकी सगळ्यांना डॉक लागे: छोटी काळी पेटी, तिला पडदा, कीबोर्ड आणि नेटवर्कची तार जोडलेली, आणि तिची एकच वायर लॅपटॉपमध्ये खुपसायची. निकाल भरायची जागा वायफायवर उघडतच नसे. केबलने तसा बंदोबस्त केला होता. तार हवीच.

चिमणीच्या टेबलावर बसून, तिच्या डॉकला आपला लॅपटॉप लावला होता का, असे ताईंनी विचारले.

मास्तर हसले. त्या पेटीची वायर माझ्या यंत्रात शिरतच नाही, ते म्हणाले, आणि लॅपटॉप आडवा धरून दाखवला. खरेच, तसे भोक त्याला नव्हते. चिमणीचा लॅपटॉप उघडून तिच्या जागी बसण्याचेही नाव नको. ती जागेवरून उठली तरी लॅपटॉप कडेवरच्या मुलासारखा बरोबर नेते, हे सगळ्या खोलीला माहीत होते.

"पोरगी उद्धट आहे," मास्तर म्हणाले. "पण दहापट पातळ करताना मी तिच्यामागे उभा होतो. चुका शोधत होतो, म्हण. एकही सापडली नाही. फार वाईट गेला तो दिवस."

म्हणजे अडतीस खरे होते. ताईंनी विचारले की हे सकाळी का नाही बोललात. मास्तर बराच वेळ काचेची नळी पुसत राहिले.

"त्या शाळेचं नळकाम कोणी केलंय, ठाऊक आहे ना तुला?" ते शेवटी म्हणाले. "तुझ्या दादाच्या व्याह्यांनी. आता मला सांग, या वयात मी कोणापुढे आणि काय बोलू?"

४

केबलची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. ताईंनी चिमणीलाही तिथे बोलावले. ती खांद्याला पिशवी लावूनच आली. लॅपटॉप पिशवीत होता.

ताई म्हणाल्या की मला नाव नको, यंत्र काय सांगते ते नेमके हवे. केबलने मान खाजवली. नेटवर्कला जोडणाऱ्या प्रत्येक भोकाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो, त्याने सांगितले. मॅक ॲड्रेस. माणसाच्या अंगठ्यासारखा, एकाचा दुसऱ्याला नाही. नोंदीत तो क्रमांक असतो. त्याच्यापुढे कोणाचे नाव दाखवायचे ते केबलने भरून ठेवलेले.

"पातळ लॅपटॉपला भोक नाही," ताई म्हणाल्या. "भोक डॉकला आहे. मग क्रमांक कोणाचा दिसतो?"

"डॉकचा," केबल म्हणाला, आणि लगेच स्वतःला सावरले. तसे सुरुवातीला होते. डॉक आले तेव्हा तो प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन, जो क्रमांक दिसेल त्याच्यापुढे त्या माणसाचे नाव घालत गेला. मग लोक एकमेकांच्या टेबलांवर बसू लागले आणि सगळी नावे चुकायला लागली. तेव्हा त्याने कंपनीच्या सर्व नव्या लॅपटॉपमध्ये पासथ्रू चालू केले. लॅपटॉप आणि डॉक एकाच बनावटीचे असले आणि पासथ्रू चालू असले की डॉक आपला क्रमांक गिळतो आणि लॅपटॉपचा क्रमांक पुढे करतो. माणूस कोणत्याही टेबलावर बसो, नाव त्याचेच दिसते.

"आणि आधीची नावं पुसलीस?"

केबलने यादी वर सरकवली. पुसली नव्हती. प्रत्येकाच्या नावावर आता दोन क्रमांक होते, जुना डॉकचा आणि नवा लॅपटॉपचा. तो नावे बघत असे. क्रमांक कोण वाचत बसतो.

ताईंनी चिमणीला लॅपटॉप काढून केबलच्या डॉकला लावायला सांगितले. पडद्यावर ओळ उमटली: चिमणी. पुढे क्रमांक. मग त्यांनी आकडा बदलला गेल्याची नोंद शेजारी उघडायला लावली. तिथेही चिमणी. पण क्रमांक वेगळा होता. तो जुना होता, डॉकचा.

"म्हणजे?" चिमणी म्हणाली.

"म्हणजे तू केलं असतंस तर ही नोंद अशी दिसली नसती," ताई म्हणाल्या. "तुझा लॅपटॉप डॉकला त्याचं नाव सांगूच देत नाही. ज्या पुराव्यावर तुला काढतायत, तोच सांगतो आहे की ते तू नव्हतीस."

चिमणीने लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला, आणि मग पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. रागानेच, असे तिने बजावले.

केबल मात्र डोके धरून बसला होता. मग कोणत्या लॅपटॉपमुळे डॉकचा क्रमांक दिसला? कंपनीचे सगळे नवे लॅपटॉप त्याने स्वतः तपासले होते. त्यातला एकही—

पडद्यावर एक नवी ओळ आली. आत्ता, या क्षणी, कोणीतरी तारेने जोडले गेले होते. केबलने वाचले आणि मागे वळून पाहिले.

ओळीत चिमणीचे नाव होते. चिमणी त्याच्या पाठीशी उभी होती, बंद पिशवी खांद्याला लावून.

५

"भूत," केबल म्हणाला. अर्धवट गमतीत, अर्धवट खरेच.

तार कोणत्या भिंतीतून येते ते शोधतो, म्हणून तो उठला. ताईंनी त्याला खाली बसवले. गरज नव्हती. त्या पुन्हा खिडकीजवळच्या टेबलाकडे गेल्या, डॉक अलगद उचलला आणि उलटा केला.

खाली पांढरा आयत होता, डॉकपेक्षा बोटभर लांब. इथे वर्षानुवर्षे जो डॉक राहिला तो हा नव्हे, त्याचा मोठा भाऊ. हा मागाहून आलेला, आणि वायर ढिली असलेला. त्याच्या पोटावर चिकटवलेल्या चिठ्ठीत क्रमांक छापलेला होता. ताईंनी तो सावकाश वाचून दाखवला. मागोमाग आलेल्या केबलने आपल्या यादीत शोधला.

"हा दादांच्या नावावर आहे," तो हळूच म्हणाला. "केबिनमधला. छोटा. तिथे छोटाच दिला होता मी, टेबलावर जागा अडायला नको म्हणून."

ताईंना आश्चर्य वाटले नाही. वाटायला हवे होते, याचेच थोडे वाटले. शाळेत असताना दादाच्या पेटीतला कंपास ढिला झाला की दुसऱ्या दिवशी तो ताईंच्या पेटीत निघायचा, आणि ताईंचा घट्ट कंपास दादाच्या. विचारले तर दादा म्हणायचा, तुझा तुझ्या पेटीतच आहे की, बघ. यात कपट नसायचे. आपल्याकडचे बिघडले की शेजारचे चांगले आपले, ही त्याची साधी समजूत होती. खुर्च्यांचे तेच, पंख्याचे तेच. ताईंची वर्तुळे वाकडी यायची आणि त्या पुन्हा काढायच्या. एकदाही बोलल्या नाहीत.

डॉक बदलताना त्याच्या मनात चिमणीला अडकवायचे नसणार. त्याचा पडदा काळा होत होता, एवढेच. पण सकाळी केबलने तिचे नाव वाचले तेव्हा तो गप्प बसला. ते मात्र साधे नव्हते.

"चल," ताई चिमणीला म्हणाल्या. "आणि पिशवी ठेव खाली. कुठे जाणार नाहीयेस तू."

६

केबिनमध्ये तो सोनेरी लॅपटॉप उघडा होता आणि त्याची वायर मोठ्या काळ्या डॉकमध्ये गेलेली होती. समोर शाळेचा अहवाल छापून तयार. दादांच्या हातात पेन. ताई आत आल्या; मागे चिमणी, दारात केबल, आणि त्याच्याही मागे, कोणी बोलावले नसताना, मास्तर.

"दादा, तो डॉक उलटा कर."

दादांनी कारण विचारले. ताईंनी सांगितले नाही. मग त्यांनी स्वतःच तो उचलला, खालचा क्रमांक वाचला, आणि केबलने दारातून मान हलवली. बदल झाल्याच्या नोंदीतला तोच क्रमांक. चिमणीच्या टेबलावरून उचललेला डॉक.

दादा काही क्षण पेनाशी खेळले. मग म्हणाले की बरं, डॉक मी आणला, माझा खराब होता. त्याने काय सिद्ध होतं? मी जेवायला जातो, केबिन उघडी असते. कोणीही येऊन आपला लॅपटॉप इथे लावू शकतो.

"लावू शकतो," ताई म्हणाल्या. "पण मग या डॉकने त्याचं नाव सांगितलं असतं. इथला प्रत्येक पातळ लॅपटॉप डॉकच्याच बनावटीचा आहे आणि प्रत्येकात पासथ्रू चालू आहे. मास्तरांच्या यंत्रात तर ही वायर जातच नाही. डॉक स्वतःचं नाव सांगतो ते फक्त समोरचा लॅपटॉप परक्या बनावटीचा असेल तेव्हा. अशा लॅपटॉपला डॉकची भाषा कळत नाही." त्यांनी त्या सोनेरी झाकणाकडे पाहिले. "या इमारतीत तसा एकच आहे. मघाशी तू तो लावलास तेव्हा जिन्याखाली चिमणीचं नाव आलं. ती माझ्याशेजारी उभी होती."

दादांनी लॅपटॉपचे झाकण मिटले; त्यावर त्यांच्या पाचही बोटांचे ठसे उमटले आणि या वेळी त्यांनी ते पुसले नाहीत.

मग ते ताईंकडे बघून, बाकीचे तिथे नसल्यासारखे, हळू आवाजात बोलू लागले. एका जोडाचा प्रश्न आहे. कारागिराने चुकीचा जोड वापरला. व्याही सुट्टीत सगळा नळ बदलून देणार आहेत, तसा शब्द दिलाय. आत्ता हे बाहेर पडलं तर त्यांची अब्रू जाईल, आणि लेकीला त्या घरात राहायचं आहे. ताईंनाही ती लेकीसारखीच ना. चिमणीला दुसरीकडे चिकटवून देतो, चांगलं पत्र देतो.

"मला पत्र नको," चिमणी म्हणाली. "मला माझे अडतीस परत हवेत."

"तू मध्ये बोलू नकोस."

"ती बोलणार," ताई म्हणाल्या. "आकडा तिचा आहे."

भाचीच्या लग्नात त्यांनी स्वतः तिच्या डोळ्यांतले काजळ सावरले होते. ते त्यांना आठवले आणि दुखले. पण सुट्टी लागेपर्यंत त्या नळाला ओठ लावणारी मुलेही त्यांना दिसत होती, आणि त्यांच्या शरीरात मुक्कामाला जाणारे शिसे. ते एकदा हाडांत शिरले की कोणाच्या शब्दाने बाहेर येत नाही, हे या खोलीत त्यांच्याइतके कोणाला माहीत नव्हते.

त्यांनी अहवाल उचलला, मधोमध फाडला आणि केबलला सांगितले की नवा छाप, चिमणीच्या मूळ आकड्याने. बदल कुठून झाला ती नोंदही त्याला जोड. केबलने दादांकडे पाहिले. मग ताईंकडे. आणि गेला.

"छकुली," दादा म्हणाले, आणि आवाजात पहिल्यांदाच विनवणी होती. "सहीशिवाय तो कागद म्हणजे रद्दी आहे. मी करणार नाही सही. घरी जा, शांतपणे विचार कर. उद्या बघू."

ताईंनी फोन जवळ ओढला. शाळेच्या मुख्याध्यापिकांचा क्रमांक फिरवला. पलीकडे घंटा वाजत असताना त्यांनी हात पुढे केला, आणि दादांच्या बोटांतले पेन, जोर न लावता, काढून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भावाकडची चांगली वस्तू उचलली होती. पलीकडून आवाज आला. ताईंनी आपण कोण ते सांगितले, पूर्ण पदासकट, आणि भावाच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या:

"पिण्याच्या नळाचं पाणी आत्ताच्या आत्ता बंद करा. हो, आजच. लेखी अहवाल तासाभरात पोचेल. नाही, दादांची नाही. सही माझी असेल. यापुढे सगळ्याच अहवालांवर माझी असेल."